गद्दार तू न्हाई, मी

मल्लेश, आधी नुसतं ऐक, मग शिव्या दे. आपल्या लाडक्या गेमच्या नव्या भागाचे वेगळे पैसे मागतात म्हणून ग्रुपवर सगळ्यात जास्त बोंबललो मीच. तू तो विकत घेतला तर तुला गद्दार म्हणून ग्रुपमधून काढायला लावलं, तेबी मीच. आन आज तू पालमला गेला, की तुझ्याच कम्प्युटरवर बसलो. फक्त बघणार होतो रे! पण लय भारी हाय, थांबताच येईना. तुझी बहीण स्वप्नाताई आज येणार, तिच्यासंगं खेळायला तू राखून ठेवलेली शेवटची लढाई बी खेळून टाकली, आन तुझा सेव्ह केलेला सगळा खेळ पुसला गेला. आता ताईला आणायला पिंगळी स्टेशनला चाललोय, वाटेत तिला सगळं सांगतो. ग्रुपवर बी लिहायचंय, पण बोटंच उठंनात. माझ्या जागी तू असता तर लिहिलं असतं का रे?

भागवत