तुझ्या शोकसभेतील माझ्या भाषणाबद्दल

मुक्काम: शेवटी सांगतो

प्रिय हाशम यास गोपाळचा नमस्कार आणि सलाम, दोन्ही.

लग्न असो की मयत, पायांत चपला सरकवून निघणारी आपली जात. तिची एक सामाईक तक्रार आहे, ती आधी मांडतो. हल्ली आपल्या दाराची कडी कोणी वाजवत नाही. आजारी पडलो की मोबाइलवर अंगठा येतो, बरे झालो तरी अंगठाच येतो. (आपल्या लहानपणी अंगठा निरक्षर माणूस उमटवायचा. आता पदव्यांची भेंडोळी असलेले उमटवतात आणि त्याला आपुलकी म्हणतात.)

तुझी प्रकृती कशी आहे? हे मी रीत म्हणून विचारत नाही. गेल्या मंगळवारी मी तुझ्याविषयी चाळीस मिनिटं भूतकाळात बोललो, तेव्हा वर्तमानाची चौकशी करणं मला भाग आहे. गुडघा दुखतो का अजून? अकबरीवहिनींचा राग कितपत उतरला? आतिफचा टेम्पो नीट चालतो ना?

आता झालं ते सांगतो. तू माझे फोन उचलत नाहीस, म्हणून सगळं एकदमच ऐकून घ्यावं लागेल. आपल्या सोलापूरच्या भवानी पेठेतल्या वाचनालयाचा मोबाइलवर एक गट आहे. दोनशे बारा माणसं. त्यातली पुस्तक न्यायला येतात अकरा. तुझ्या लेकानं, आतिफनं, मंगळवारी पहाटे त्यात तुझा फोटो टाकला. गळ्यात झेंडूचा हार, चेहरा गंभीर (सत्काराच्या वेळीसुद्धा तू दाढ दुखल्यासारखा का उभा राहतोस?). तुमच्या मैंदर्गीच्या शाळेची फाटकी पुस्तकं तू फुकट बांधून दिलीस म्हणून शाळेनं हार घातला, असं त्यानं खाली सविस्तर लिहिलं होतं. पण मजकूर लांब, आणि 'पुढे वाचा' एवढं बटण दाबायचे कष्ट वाचनालयाच्या सभासदांना झेपत नाहीत. गटात विरुपाक्ष म्हणून एक निवृत्त कारकून आहेत. दात घासायच्या आधी दिवसाचं दुःख उरकून टाकायची त्यांना सवय. त्यांच्या फोनात 'भावपूर्ण श्रद्धांजली' तयारच असते. त्यांनी हार पाहिला आणि ती सोडली. त्यांच्यामागून एकसष्ट जणांनी सोडली. आतिफ फोटो टाकून टेम्पो घेऊन विजापूरच्या वाटेला लागलेला, आणि तुझा फोन म्हणे संध्याकाळपर्यंत चार्जिंगला. म्हणजे तू जिवंत आहेस हे ठाऊक असलेल्या माणसांखेरीज सगळे बोलत होते.

हाशम, एकसष्ट माणसं रडली आणि एकानंही तुझ्या घरी फोन लावला नाही! जग हातात आलं म्हणतात. आलं असेल. पण त्या हाताला मित्राच्या घरचं दार सापडत नाही, त्याचं काय? आमच्या वडिलांच्या काळी मयताची बातमी घेऊन माणूस सायकलवरून यायचा. त्याला पाणी द्यावं लागे, आणि पाणी पिता पिता तो कोण, कधी, कशानं ते सांगायचा. चूक व्हायला जागाच नसे. आता बातमी विजेच्या वेगानं येते आणि वेड्यासारखी येते. (हे वाक्य मागच्या महिन्यात 'मोबाइल: सुधारणा की सत्यानाश' या माझ्या व्याख्यानात टाळ्या घेऊन गेलं होतं. ते व्याख्यान शंभर जणांनी मोबाइलवर टिपलं.)

तू विचारशील, गोप्या, तू का नाही फोन केलास? केला असता. पण मेलेल्या माणसाला फोन कसा लावायचा, या प्रश्नावर मी अडकलो. वहिनींना लावायचा तर काय बोलायचं? मग मी भाषणाची तयारी करायला बसलो. ती मला जमते.

संध्याकाळी सभा. दोन मिनिटं शांतता पाळली, त्यात तीन फोन वाजले. पैकी एकावर वरातीचा बँड होता. मग मी उभा राहिलो. तुझ्या खळीच्या डब्याविषयी बोललो. वाचनालयातलं प्रत्येक जुनं पुस्तक तुझ्या सुईदोऱ्यानं तगून आहे, हे बोललो. ते सगळं खरं होतं. त्यानंतर मला टाळ्यांचा वास आला (शोकसभेतही येतो) आणि मी म्हणालो, महिन्यातून एकदा तरी मैंदर्गीला जाऊन हाशमच्या हातचा चहा प्यायल्याखेरीज मला चैन पडत नसे.

आमचे चिटणीस वीरभद्रप्पा पुढच्या रांगेतून ते सगळं थेट गटावर दाखवत होते. एकाएकी त्यांच्या फोनवर तुझा मजकूर उगवला. "गोप्या, तीन वर्षांत हितं कदी फिरकलास रं?" वीरभद्रप्पांनी डोळे पुसले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सर, बापाच्या फोनवरनं पोरगं लिहितंय. लई दुखावलंय. तुमी थांबू नका." आणि मी थांबलो नाही! मयत माणूस स्वतः हरकत घेत होता, आणि मी त्याच्या अमर स्मृतीवर आणखी पंधरा मिनिटं बोललो. शेवटी तुझ्या नावे वक्तृत्वस्पर्धाही जाहीर केली.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी आमच्या सूनबाईंना, उत्कर्षाला, फोन केला. "जीते जी इत्ती तारीफ करते तो मेरे मियाँ को बीपी की गोली नै लगती थी," एवढं म्हणून ठेवून दिला. तेव्हापासून तुझा फोन माझ्यासाठी बंद आहे. तुला मारल्याचा तुला राग नाही, हे मी ओळखून आहे. राग त्या चहाचा आहे. तीन वर्षं मी तुला रोज सकाळी सूर्योदयाचं चित्र पाठवत होतो, आणि त्यालाच भेट समजत होतो. इथे मोबाइलला शिव्या देऊन भागत नाही. सोलापूरहून अक्कलकोटमार्गे एसटी आधीही होती, आजही आहे. मीच चढलो नाही.

तुझा,
गोपाळ

ता. क. वीरभद्रप्पा म्हणतात, शोकप्रस्ताव एकदा मंजूर झाला की मयताच्या लेखी अर्जाशिवाय रद्द होत नाही. अर्जाचं नंतर पाहू.

ता. क. दुसरा. हे पत्र टपालानं आलं नाही, हे तुझ्या ध्यानात आलं असेल. तुझ्या घरासमोरच्या बिरप्पाच्या हॉटेलात मी दोन तासांपासून बसलोय. इथवर आलो, पण कडी वाजवायला हात होईना. तीन चहा झाले. बिरप्पाचा चहा वाईट आहे. पत्र त्याच्याच हाती आत पाठवतो.

ता. क. तिसरा. तत्त्व म्हणून मोबाइल घरी ठेवून, कोणाला न सांगता निघालो. उत्कर्षा शोधत असेल. तिनं माझा फोटो गटावर टाकला तर विरुपाक्षांना आवरता येणार नाही, आणि माझ्या सभेला बोलायला सोलापुरात दुसरा वक्ता नाही. तेव्हा तिला कळवायला तुझा फोन एक मिनिट लागेल.

पण तो नंतर. आधी ऊठ, आणि दार उघड.