आजोबांचा बाप

६ ऑक्टोबर १९९८
१८७२ चं जन्मनोंदींचं पुस्तकच नाही! नगरपालिकेतला माणूस म्हणतो, "छप्पर गळलं, पार लगदा झाला." आजोबांचा जन्म नेमका त्याच साली. हाती उरला फक्त त्यांच्या लष्करभरतीचा कागद – दोनातो इयाविकोली (आडनाव आईचंच), आई कार्मोसिना, वडील अज्ञात.
तो एक शब्द! बाबा नव्वदीचे झाले, तरी गाव त्यांना 'अज्ञाताचा निकांद्रो'च म्हणतं.

७ ऑक्टोबर
बेकरीत एर्सिलिया कोलानेरी, सगळ्यांदेखत – "काय गं ओर्तेन्सिया, सापडला का बाप?" हशा. तशीच परतले.
बाबा म्हणाले, "सोड पोरी. आता कोणाला काय त्याचं?" पण जेवले नाहीत.

१५ ऑक्टोबर
कार्मोसिनाचं माहेर वरच्या गावात. तिथल्या चर्चच्या फादर एलिजिओंना फोन केला, जुन्या नोंदी बघायला मिळतील का म्हणून. "इथे गारठा आहे, स्वेटर घालून या," एवढंच म्हणाले.

१९ ऑक्टोबर
मिळालं! मिळालं!!
फादर लग्नाच्या नोंदींचं लॅटिन वाचत होते, बोट एकदम थांबलं. "बाई, तुमची पणजी लग्नाची बायको होती." जानेवारी १८७१. नवरा बेरार्दो, मेंढपाळ. पण नुसतं चर्चमधलं लग्न तेव्हा इटलीचं सरकार मानत नसे, नगरपालिकेत वेगळं लावावं लागे. ते राहूनच गेलं. पुढच्या हिवाळ्यात बेरार्दो मेंढरं घेऊन खाली पुल्याच्या कुरणांत उतरला आणि तापाने तिकडेच गेला. मृत्यूच्या नोंदीत स्पष्ट – 'कार्मोसिनाचा नवरा'. ती तेव्हा पोटुशी होती.
कोणी कोणाला टाकलं नव्हतं!
आणि बेरार्दोचं आडनाव? कोलानेरी! लग्नाला साक्षीदार त्याचा सख्खा भाऊ सिल्वेरिओ – म्हणजे एर्सिलियाचा पणजोबा. मी चर्चमध्येच हसत सुटले. फादरही.

२० ऑक्टोबर
बाबांना नोंद दोनदा वाचून दाखवली. म्हणाले, "आता मोठ्यानं." मग कोट मागितला, टोपी चढवली आणि काठी आपटत थेट चौकातल्या बारमध्ये.
"माझ्या बापाला बाप होता! बेरार्दो कोलानेरी! लग्नाचा!"
पत्ते खेळणाऱ्यांनी पत्ते टाकले, सगळे उठून उभे राहिले. वाइन कोणी पाजली, किती पाजली – विचारू नये. बाबा गात घरी आले! मी त्यांना गाताना कधी ऐकलंच नव्हतं.

२२ ऑक्टोबर
दार वाजलं. एर्सिलिया. हातात मेंढीच्या चीजचा गोळा, नजर खाली. बाबांना म्हणाली, "आत येऊ का, काका?"
बाबांनी स्वतः उठून तिला खुर्ची दिली.