पालीपर्यंत येऊन परत का गेले

तीर्थरूप दादांच्या पायांवर धाकट्या संजीवनीचं भोरहून डोकं.

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुमचा खोकला आणि वहिनींचा गुडघा कसा आहे ते कळवा. (कळवणार नाही, माहीत आहे. आईच्या वर्षश्राद्धापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. शिवाय जे सांगायचं आहे ते फोनवर सांगण्यासारखं नाही. आमच्याकडे फोनचा आवाज मोठा करून सगळं घर भोवती बसतं.)

वर्षश्राद्धाच्या दिवशी मी पालीत जीपमधून उतरले आणि घरी न येता माघारी गेले, असं आपल्या गावच्या कोंडिबाने तुम्हाला सांगितलं. ते खरं आहे. त्यावर तुमचा शेवटचा फोन आला, "जमिनीच्या सहीचा राग आईच्या पानावर काढलास व्हय? आई गेली आन तुजं म्हायेरबी संपलं, आसं समज." दादा, सही मी हसत केली होती आणि ती जमीन माझ्या मनातसुद्धा नाही. अडचण दुसरीच होती. थोरल्या भावाला ती कोणत्या शब्दांत लिहावी या विचारात आतापर्यंत बरेच कागद फाडले, आता हा फाडणार नाही.

त्याचं असं झालं. डॉक्टरांनी मला ब्लडप्रेशरसाठी पाण्याची गोळी दिली आहे. ती घेतली की सारखं उठावं लागतं. (एवढ्यावर समजून घ्या.) प्रवासाला निघायचं म्हणून आपल्याकडच्या बायकांच्या रीतीप्रमाणे मी आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडलं, सकाळचा चहाही घेतला नाही, पण गोळी मात्र सवयीने घेऊन बसले. कापूरहोळला उतरले तेव्हाच कळलं की आज काही खरं नाही. तिथे एका ढाब्यावर विचारलं. बाईमाणसाची वेगळी सोय आहे, म्हणाले, पण किल्ली मालकाकडे आणि मालक लग्नाला शिरवळला. ते येईपर्यंत बसून चहा घ्या, असा आग्रह मात्र फार केला. (चहा!) शेवटी पलीकडच्या गॅरेजपाशी एक टेम्पो उभा दिसला, त्याच्या आडोशाला गेले. पदर खोचते तोच टेम्पो निघून गेला, आणि समोर वेल्ह्याची एसटी, तिच्या खिडकीत आपला कोंडिबा. त्याने तिथूनच राम राम घातला आणि दाजींची तब्येत विचारली. मग मीही जणू त्यासाठीच उभी असल्यासारखी ह्यांची साखर, डोळे, दात असं सगळं सविस्तर सांगितलं. दुसरं काय करणार?

त्याच गाडीत त्याने माझ्यासाठी जागा धरली आणि वाटभर धरणाच्या पाण्याबद्दल बोलत राहिला. मधे एका गावात (नाव लिहीत नाही, तिथे आपली सोयरीक आहे) बायकांसाठी बांधलेली खोली दिसली. दारावर हात जोडलेली रंगीत बाई काढलेली होती. कंडक्टरला विनवून उतरले, तर दाराला कुलूप आणि फटीतून आत सिमेंटची पोती. परत येऊन बसले. पुढे जीप, आणि जीपला तो रस्ता. त्याबद्दल काही लिहीत नाही.

माझी सगळी भिस्त पालीवर होती. घराच्या अलीकडची ती निर्गुडीची झाडी आठवते ना? तिथे आता गडावर येणाऱ्यांच्या गाड्या लागतात. झाड एक नाही, आणि चहूकडे पाठीला पिशव्या लावलेली माणसं फोटो काढताहेत.

आई होती तेव्हा मी माहेरी आले की ती माझ्याबरोबर त्या झाडीपर्यंत यायची. माझ्याकडे पाठ करून, पदर पसरून उभी राहायची आणि मोठमोठ्याने म्हशीला शिव्या द्यायची. म्हैस तर गोठ्यात असायची. आई म्हातारपणी भ्रमिष्ट झाली असं तुम्ही म्हणायचात. तिला काही झालं नव्हतं दादा. त्या शिव्या ऐकून वाटेवरचे पुरुष मागेच थांबायचे.

त्या दिवशी त्या गाड्यांमध्ये मी एकटी उभी राहिले. मीसुद्धा म्हशीला एक शिवी घालून पाहिली. पण तिच्यासारखी जमली नाही. आणि मग व्हायचं ते झालं. मी आईचं हिरवं लुगडं नेसून आले होते. ते भिजलं. आपलं अंगण तिथून दिसत होतं, सगळी भावकी बसली होती, तुम्ही पान वाढून वाटेकडे बघत होता. तशी मी आईच्या पानापुढे कशी येऊ? आले त्याच जीपने, मांडीवर पिशवी धरून परत गेले. घरी पोचेपर्यंत रडत होते. मला आई हवी होती, दादा.

वहिनींना आणि मुलांना आठवण.

तुमची धाकटी,
संजीवनी

ता. क. : घरामागे सरकारी योजनेतून बांधलेला संडास आहे, त्यात तुम्ही भाताची पोती भरलीत. ती तेवढी हलवा. दाराला कडी बाहेरूनच आहे. (पोत्यांना आतून लागत नाही, कबूल.) एक आतूनही बसवून घ्या. मी भाऊबीजेला येते.

आणखी एक : पोती ठेवायला दुसरी जागा नसेल तर राहू द्या. मी तरीही येईन. वहिनींना फक्त विचारून ठेवा, त्यांना म्हशीला शिव्या देता येतात का.