कडीला बांधलेला मुलगा आणि काढून नेलेला कठडा

प्रति,
मा. वारसा संवर्धन अधिकारी,
विभागीय कार्यालय, दुसरा मजला
(झेरॉक्सच्या दुकानावर)

विषय : संरक्षित कडीस स्वतःचे मूल बांधल्याबद्दलच्या नोटिशीचा खुलासा, व दारापुढे कठडा बसवून मिळणेबाबत.

संदर्भ : आपली नोटीस, जी आमच्या दारावर खळ लावून चिकटवण्यात आली आहे.

महोदय,

अर्जदार ही धक्क्याच्या गल्लीतील शेवटच्या घरची सून असून पदवीधर आहे. पदवी इतिहास विषयातली असल्याने आपण गल्लीच्या तोंडाशी लावलेल्या फलकावर विश्वास ठेवण्याची तिची सुरुवातीला फार इच्छा होती. नवरा मासेमारीच्या बोटीवर कामाला असतो, त्यामुळे घरी पाहुण्यासारखा येतो. उरल्या सासूबाई आणि सव्वा वर्षाचा मुलगा. त्याला घरात भोवरा म्हणतात, कारण उघड आहे. घराला अंगण नाही. दार, दारापुढे एक खाट जेमतेम मावेल एवढी फरशी, आणि फरशी संपली की पायऱ्या थेट पाण्यात.

१. मुलगा रांगू लागला तेव्हा नवऱ्याने बांबू आणि जुने जाळे लावून फरशीच्या कडेला कठडा केला. तो दिसायला बरा नव्हता, हे अर्जदार मान्य करते. आपल्या कार्यालयाची माणसे आली आणि 'गावाच्या ऐतिहासिक दर्शनी रूपास बाधा' या कारणास्तव कठडा टेम्पोत घालून घेऊन गेली. मूल पाण्यात पडले तर काय, असे अर्जदाराने विचारले असता आपले पर्यवेक्षक अत्यंत नम्रपणे म्हणाले, की इतिहासात इथे कठडा असल्याचा पुरावा नाही, ताई. इतिहासात इथे मुले होती काय, हे विचारायचे अर्जदाराला टेम्पो वळल्यावर सुचले.

२. पुढच्याच आठवड्यात भोवऱ्याला पायऱ्या उतरण्याची युक्ती सापडली : पोटावर पडायचे आणि पाठमोरे घसरायचे. त्या वेळी फरशीवर आपल्या वारसा फेरीचे पाहुणे उभे होते. त्यांनी त्याला अडवले नाही, मोबाइलमध्ये टिपले. एका बाईंनी आपल्या यजमानांना मधून बाजूला व्हायला सांगितले. अर्जदाराने हातातली कणीक टाकून त्याला सदऱ्याला धरून वर ओढले, तेव्हा त्याचा एक पाय भिजला होता. त्या दिवसापासून अर्जदार अंघोळ करतानाही न्हाणीचे दार किलकिले ठेवते. तिला झोपेत पाण्याचा आवाज आला तरी ती उठून बसते, आणि या गल्लीत पाण्याचा आवाज कधीच थांबत नाही.

३. तेव्हा सासूबाईंनी जुन्या साडीची पट्टी फाडली, एक टोक नातवाच्या कमरेला आणि दुसरे दाराशेजारच्या भिंतीतल्या लोखंडी कडीला बांधले. म्हणजे नोटिशीतला आरोप खरा आहे. मात्र ही कडी 'परदेशी गलबते बांधण्यासाठी' असल्याचे आपला फलक सांगतो, आणि तिचा 'मूळ उपयोगाव्यतिरिक्त' वापर केल्याचे आपली नोटीस सांगते. याबाबत खुलासा असा, की कडी गुडघ्याच्या उंचीवर आहे आणि माझ्या बोटाइतकी जाड आहे. (इथे 'अर्जदाराच्या' असे वाचावे.) तशीच एक कडी आमच्या स्वयंपाकघरात, शेगडीच्या ओट्याखाली आहे. गलबत तिथवर कसे येत असे, हे आपल्या संशोधक साहेबांना विचारले असता ते ओट्याखाली वाकून पाहून म्हणाले, की त्या काळी समुद्र स्वयंपाकघरापर्यंत असावा. नंतर हे वाक्य फलकावरही आले.

४. या गावात पुरुष समुद्रावर असत आणि बाया दारात बसून जाळी सांधत. दोन्ही हात जाळ्यात अडकलेल्या बाईने मूल कशाने धरायचे? म्हणून प्रत्येक दाराशी कडी. फलक ऐकून सासूबाईंना इतके हसू आले, की त्यांना पाणी द्यावे लागले. त्या म्हणाल्या, "गलबत कसलं गं? तुझ्या नवऱ्याला बांधायचे मी तिथे." आपला अधिकृत गाइड हा अर्जदाराचा चुलत दीर लागतो. तो गलबतांची हकिगत सांगताना ज्या कडीला टेकून उभा राहतो, तिलाच बांधलेला तो लहानाचा मोठा झाला. आमच्या कडीच्या पंचनाम्यावर सही करणारे सरपंचसुद्धा. ते दोर चावत असत, असे सासूबाई सांगतात. हे सर्वजण एकांतात कबूल करतात. चारचौघांत मात्र गलबतेच म्हणतात, कारण गलबतांमुळे पाहुणे येतात. बांधलेल्या पोरांना पाहायला कोण येणार, असे दीर म्हणाला. फलकावर व्यापारी आहेत, सरदार आहेत, तीन प्रकारच्या तोफा आहेत. बाई एकही नाही, मूल एकही नाही. गाव इतकी वर्षे कशाने वाढत गेले, ते फलकावरून समजत नाही.

५. सबब, कडीचा वापर मूळ उपयोगासाठीच झाला असल्याने नोटीस मागे घ्यावी. सासूबाईंची साक्ष तोंडी म्हणून आपणांस चालत नाही, हे कळवण्यात आले आहे. तसे असल्यास पर्यायी विनंती अशी, की अर्जदाराच्या मुलाची नोंद नौका म्हणून करून घ्यावी, म्हणजे त्याला कडीला बांधणे कायदेशीर होईल. तपशील : लांबी, वाढती. गळती, आहे. दिशा, स्वतःची. खलाशी, एक आई, एक आजी. ही थट्टा वाटल्यास, समुद्र स्वयंपाकघरात असल्याचे ज्या कार्यालयाने मान्य केले, त्याला हे जड जाऊ नये.

६. परंतु नोटीस, फलक, गलबते हे सर्व आपण हवे तसे ठेवा. अर्जदाराची खरी मागणी एकच आहे : कठडा. दगडाचा बसवा, जुना दिसेल असा बसवा, त्यावर तोफ कोरा. आमचा बांबूचा परत दिलात तरी चालेल, तो आपल्या कार्यालयाच्या मागे सायकलींच्या शेडला टेकवून ठेवलेला अर्जदाराने स्वतः पाहिला आहे. हा अर्ज तातडीचा समजावा. काल दुपारी भोवऱ्याला कडीवरची गाठ सोडता आली. सासूबाईंना कौतुक वाटले, बापाची बोटे घेतली म्हणाल्या. अर्जदाराने कडीवर दुसऱ्या प्रकारची गाठ मारली, ती संध्याकाळपर्यंत टिकली. हे लिहीत असताना तो तिसऱ्या प्रकारच्या गाठीपाशी जीभ बाहेर काढून बसला आहे, आणि अर्जदाराला चौथा प्रकार येत नाही.

एक डोळा कागदावर आणि एक दारावर ठेवून लिहिणारी,
अर्जदार
(सही)

दिनांक : आजचा

सोबत :
१) नोटीस (दाराचा रंग चिकटलेला असल्याने मूळ प्रत सादर)
२) स्वयंपाकघरातील कडीचा फोटो, शेजारी गॅसचे सिलिंडर
३) सासूबाईंचा जबाब, त्यांच्याच शब्दांत. काही शब्द अर्जदाराने गाळले आहेत.