वाळूखालचं पाणी

आबा,

तुम्ही समुद्र कधी पाहिला नाही. चोपड्याहून जळगाव, फार तर धुळे, एवढाच तुमचा प्रवास, आणि पाणी म्हणजे तापी. आज मी धुळ्यात संसार करते आणि समुद्राचं पाणी किनाऱ्यावर ओढून आणायच्या छोट्या योजना आखते. कुठे कोळंबीच्या पिल्लांचं केंद्र असतं, कुठे मत्स्यालय, कुठे खाडीकाठची प्रयोगशाळा. आखणी इथे घरात बसून, जागा पाहायला कोकणात. शेजारच्या अक्का हसतात, "धुयामा नळले पानी येत नही, आनि हाई समुद्र वढस!" मीही हसते. हे काम मी का धरलं, ते त्यांना ठाऊक नाही.

त्या वैशाखात आपली केळी निसवायला, घड टाकायला आली होती. पाण्याचा एक दिवस चुकला की तुमचा जेवणात जीव लागत नसे. उभ्याउभ्याच भाकरी मोडायचात. लाइट कधी येईल याचा नेम नव्हता, म्हणून मोटरीला ऑटो बसवून घेतला होतात. लाइट आली की मोटर आपली आपण सुरू. गावभर कौतुकाने सांगत होतात, आता रात्री उठून नदीवर जाणं नाही. नदीतल्या पाइपाची जाळी मात्र जलपर्णीने सारखी तुंबायची आणि ती तुम्ही बुडी मारून काढायचात नि साफ करायचात. लहानपणी मी हौदावर पाइपाच्या धारेत हात घातला तेव्हा केवढे ओरडला होतात, "पान्यासंगे खेळानं नही!" स्वतःला मात्र ते लागू नव्हतं.

ती सकाळ अजून समोर आहे: मी न्याहारी घेऊन काठावर आले आहे. तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात, सदरा बाभळीवर टाकलेला. लाइट दुपारशिवाय येत नाही, असं त्या आठवड्यात सगळेच धरून चालले होते. मी म्हणते, "आबा, आधी खाई ल्या." तुम्ही केसांतलं पाणी झटकता. "तू घर जाय. जाळी काढी लिधी, आते येस मी."

मी केळीच्या बांधावरून निघाले. अर्ध्या वाटेत मोटर सुरू झाल्याचा आवाज आला आणि मला आनंद झाला, आबा. वाटलं, लाइट लवकर आली, आता तुम्ही घरी येऊन निवांत जेवाल. आईलाही मी तेच सांगितलं. तिने तुमच्यासाठी तव्यावर ताजी भाकरी टाकली. पुढचं सांगायला काका धावत आले. पाण्याखाली, जाळी काढलेल्या पाइपाच्या तोंडात तुमचा हात खांद्यापर्यंत ओढला गेला होता.

गेल्या वर्षी कोकणातल्या एका कोळंबी केंद्रावर बैठक होती. मी किनाऱ्याच्या वाळूत भोकांच्या नळ्या पुरायचं सुचवलं होतं. समुद्राचं पाणी वाळूतून सावकाश झिरपून नळ्यांत उतरतं, तिथून काठावरच्या झाकणबंद विहिरीत येतं. नळ्या तुंबल्याच तर वरूनच उलटं पाणी सोडायचं. व्यवस्थापकाला खर्च जास्त वाटला. सरळ पाण्यात पाइप टाका, म्हणाला, तोंडाला जाळी लावा. जाळीला शिंपले धरले तर आमचा माणूस उतरून साफ करेल, दहा मिनिटांचं काम. तो माणूस दारातच उभा होता, तुमच्याच वयाचा. म्हणजे तुम्ही गेलात तेव्हाच्या वयाचा. मान डोलावून म्हणाला, "उतरतो ना मॅडम, सवय आहे."

मला आखणीच्या भाषेत उत्तर देता आलं असतं. ते आलं नाही. म्हटलं, "माझे वडील असेच उतरले होते." आणि मग बांध, मोटर, भाकरी, सगळं सांगत गेले. इतक्या वर्षांत परक्या माणसांसमोर पहिल्यांदा. शेवटी व्यवस्थापकाने नकाशा पुढे ओढला आणि नळ्या किती खोल पुराव्या लागतील ते विचारलं.

परवा विहिरीत पहिलं पाणी आलं तेव्हा मी तिथेच होते. नितळ आणि खारट पाणी, आत येताना त्याचा आवाजसुद्धा नव्हता. तुम्हाला आवडलं नसतं. किती सावकाश येतंय, म्हणाला असतात.

परत आल्यावर आईला सांगितलं. ती आता माझ्याकडेच असते, चुलीपाशी बसावी तशी गॅसजवळ स्टूल घेऊन बसते. सगळं ऐकून तिने एवढंच विचारलं, "त्यामा कोनले उतरनं पडत नही ना?" मी म्हटलं, नाही. "पक्कं?" पक्कं. मग ती बराच वेळ ओट्यावरचं सांडलेलं पीठ बोटाने गोळा करत राहिली.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. तुम्ही बोललेला शब्द न् शब्द मला आठवतो, पण तुमचा आवाज कसा होता, ते आता आठवत नाही. आईला विचारावंसं वाटतं. तिलाही आठवत नसला तर, म्हणून विचारत नाही.