नगरकोटला दिवस उशिरा मावळतो

कोल्हापूर
१९ ऑक्टोबर, ललित पंचमी

त्रिशलाताई यांस,
सप्रेम नमस्कार आणि जय जिनेंद्र.

इकडं आम्ही सगळे बरे आहोत. तुमचे गुडघे कसे आहेत? आज त्र्यंबोलीची यात्रा, पेठेत पाय ठेवायला जागा नाही, म्हणून घरीच बसून हे लिहितेय. फोनच करणार होते. पण आपण दोघी फोनवर आलो की तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि तुम्ही 'ठेवते हां' म्हणून ठेवून देता. ज्ञानू सकाळी तुमच्याकडची वांगी घेऊन मार्केटला येतो. तो शिरोळला परत जाताना त्याच्या टेंपोतनं हे पाठवते.

विषय तुम्हाला ठाऊक आहे. नेपाळ. भाऊबीज झाली की दोन्ही आयांना घेऊन डोंगर बघायला जायचं, असं आमच्या राजवीरनं काढलंय. तो, तुमची सोनल, तुम्ही आणि मी. आमचे हे येणार नाहीत, म्हशी सोडून त्यांना काशीसुद्धा नको. तीन ठिकाणं काढलीत आणि पुण्यातनं रोज फोन करून माझं डोकं खातोय. म्हणतो, तुम्ही दोघी विहिणी मिळून एक ठरवा, दसऱ्याला मी येतो तेव्हा बुकिंग करून टाकू. तुम्ही हो म्हणालात असंही सांगतो. खरं काय? पोरांच्या लग्नाला दोन वर्षं झाली, तुम्ही आमच्या घरचं पाणी प्यायला नाहीत, आणि नेपाळला एकदम हो?

रागावू नका. मूल होईपर्यंत लेकीच्या सासरी तोंड ओलं करायचं नाही ही तुमच्या घरची रीत, तिचा मान ठेवूनच बोलतेय. आमच्या भावकीनं लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मटणाच्या पंगती उठवल्या, त्याचा राग तुम्ही धरलाय हेही मला कळतं.

असो. तर मी तिन्ही ठिकाणं बारकाईनं बघितली.

पोखऱ्याला मोठं तळं आहे. राजवीरनं फोटो पाठवलाय, पाण्यात अख्खा डोंगर उलटा दिसतो. बघायला झकास. पण तळ्याकाठचं गाव म्हणजे दारोदार मासे तळत असणार. तुम्ही नाकाला पदर लावून किती दिवस काढणार?

मुक्तिनाथाचा देव मोठा, पण उंची भयंकर. चार पावलं टाकली की धाप लागते म्हणे. मला जोतिबाच्या पायऱ्या उतरताना धाप लागते, तिथं माझं काय व्हायचं! शिवाय वाटेत मुक्काम खोल दरीत. तिथं तीन-साडेतीनलाच ऊन कड्यामागं जातं. तुमचं जेवण दिवस मावळायच्या आत. मग तुम्ही काय भरदुपारी जेवून दुसऱ्या सकाळपर्यंत कुडकुडत बसणार? सोनलचंही तेच. साडेपाच वाजले की ताट घेऊन मागच्या दारच्या पायरीवर जाऊन बसते, उजेड असेपर्यंत गपचूप संपवते, मग पाण्याचा थेंब नाही. तुम्हा मायलेकींना दरीतलं गाव जमायचंच नाही.

राहिलं नगरकोट. ते डोंगराच्या माथ्यावर, त्यामुळं दिवस शेवटपर्यंत दिसतो, तेवढं एक बरं. पण थंडी मरणाची. आणि रस्ता नुसता वळणावळणांचा. मला मलकापूरच्या पुढं घाट लागला की पिशवी धरून बसावं लागतं.

मला विचाराल तर यंदा नकोच. तुम्हीच राजवीरला कळवून टाका. गुडघे धरलेत म्हणा, चातुर्मासाचे उपास अंगावर आले म्हणा, काहीही सांगा. मी नको म्हटलेलं तो मनावर घेत नाही, तुम्ही नाही म्हणालात तर त्याला गप बसावं लागेल. एवढं माझं ऐकाच. का ते विचारू नका.

सोनल मजेत आहे. तिची काळजी करू नका.

तुमची,
संयोगिता


शिरोळ
२१ ऑक्टोबर

संयोगिताताई,
जय जिनेंद्र.

पत्र पोचलं. बस्तीत जिनदेवाचं दर्शन घेऊन आले आणि लिहायला बसले.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला. म्हटलं, ह्या बाईला माझ्या शेजारी बसायचं नाही म्हणून ही मासे तळतीय. मी नेपाळला हो का म्हणाले, सांगू? डोंगरात ना तुमचं घर, ना माझं. तिथं तुमच्या मांडीला मांडी लावून जेवता आलं असतं आणि माझी रीतही मोडली नसती. दोन वर्षं मनात होतं ते. आणि तुम्ही मला गुडघ्यांचं निमित्त शिकवता! माझे गुडघे ठणठणीत आहेत. नगरकोटला दिवस शेवटपर्यंत दिसतो हे तुम्हीच लिहिलंय ना, मग ठरलं, नगरकोट. असं चार ओळीत लिहून पाकीट बंदसुद्धा केलं होतं.

मग तुमचं पत्र पुन्हा वाचलं आणि पाकीट फोडलं.

सोनल दिवसाउजेडी जेवते हे तुम्हाला कुणी सांगितलं? तिनं ते लग्नानंतर महिन्याभरात सोडलं. ऑफिसातनं आठला येते, नऊला जेवते. त्यावरून आम्हा दोघींचं किती वाजलंय ते तुम्हाला ठाऊक नाही. आणि पुण्यात त्यांचं घर सातव्या मजल्यावर. तिथं मागचं दार नाही, मग पायरी कुठली? तसली पायरी मी तुमच्या घरी बघितलीय. लग्नाच्या दिवशी सगळे सरबत घेत होते तेव्हा मी त्याच पायरीवर जाऊन उभी राहिले होते.

माझी लेक तुमच्याकडं आहे.

मला रोज संध्याकाळी फोन करते आणि सांगते, अव्वा, पुण्यात लई ट्रॅफिक आहे गं. कशाला खोटं बोलते? तिचे वडील दवाखान्यात होते तेव्हा ती अशीच झाली होती. कुणाशी बोलायची नाही, उजेडात चार घास खायची आणि भिंतीकडं तोंड करून पडायची. भ्यायली की ती अशी वागते. कुणाला भ्यायली आहे ती? तुम्हाला?

ठिकाण ठरवण्यात तुम्ही तोंड घातलं, मी घातलं, जावयांनी घातलं. सोनलला कुणी विचारलं का, बाळ, तुला कुठं जायचंय? तिला विचारा. काय म्हणेल ते जसंच्या तसं लिहा, गोड करून लिहू नका. हे पत्र ज्ञानूकडं देते. तो उत्तर न घेता आला तर पुढच्या फेरीला मी त्याच्या शेजारी बसून येईन.

सोनलची आई,
त्रिशला


कोल्हापूर
२२ ऑक्टोबर, अष्टमी

त्रिशलाताई,

पकडलंत मला. बरं झालं पकडलंत, माझ्याच्यानं आता पेलत नव्हतं.

ती मला भ्यायलेली नाही. मला भ्यायली असती तर किती बरं झालं असतं.

तुमचं पत्र वाचलं आणि तशीच उठले. सोनल पायरीवर मेथी निवडत बसली होती. शेजारी बसले, मोबाइलवर तिन्ही ठिकाणच्या हॉटेलांचे फोटो काढले आणि तिच्यापुढं धरले. म्हटलं, "सोनल, आम्ही सगळी ठरवत बसलोय, तुला कुठं जायचंय गं?" तिनं डोंगर बघितलेच नाहीत. खोल्यांचे फोटो तेवढे मागंपुढं करून बघत राहिली. मग म्हणाली, "आई, तिथं मी तुमच्या खोलीत झोपू?"

जसंच्या तसं लिहा म्हणालात, लिहिलं.

आता बाकीचंही गोड न करता लिहिते. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी ती एक बॅग घेऊन दारात आली. म्हणाली, सुट्टी काढलीय. मला आनंद झाला, घट बसताना सून घरात. दोन-तीन दिवसांनी तिच्या केसांना तेल लावत होते, तर बाही वर सरकली. दंडावर बोटं उमटलेली होती. मानेवर केसांखाली काळानिळा डाग. विचारलं तर म्हणाली, कपाटाला लागलं. कपाटाला बोटं नसतात, ताई.

माझ्या लेकानं तुमच्या लेकीवर हात टाकलाय. पहिल्यांदाच नाही. आज मेथी बाजूला सारून तिनं सगळं सांगितलं. कशावरून मारलं ते लिहीत नाही, कारण कुठलंही असलं तरी मला ते ऐकायचं नाही.

वळ बघितले त्याच दिवशी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "पोरांचं पोरं बघतील. विहिणीच्या कानावर गेलं तर सगळ्या शिरोळात व्हईल. गप ऱ्हा." आणि सोनलनं माझा हात धरून ठेवला होता, अव्वाला सांगू नका म्हणून. मी गप राहिले. राजवीरला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "आई, चुकून लागलं. जरा डोंगरात नेऊन आणतो तिला, मोकळ्या हवेत विसरून जाईल. तुम्ही दोघी सोबत असलात की ती न्हाई म्हणायची न्हाई." ते ऐकलं आणि मला सगळं उमगलं. त्याला आपल्याला डोंगर दाखवायचेच नव्हते. तिला परत न्यायला दोन आया पुढं करायच्या होत्या. म्हणून मी पोखऱ्यात मासे तळले आणि मुक्तिनाथाला धाप लावली. नगरकोटला धड खोट काढता येईना, आणि नेमकं तिथंच तुम्ही बोट ठेवलंत.

आज दुपारी त्याला फोन लावला. म्हटलं, "नेपाळ रद्द."

"का? सोनलच्या आईनं काय नाटक केलं व्हय?"

"मी केलं. आणि ऐक, दसऱ्याला हिकडं यायचं न्हाय. सोनल हितं हाय तवर ह्या घरात पाऊल टाकायचं न्हाय."

"आई, चूक झाली की! रागात व्हतं माणसाचं."

"रागात तुझ्या साहेबाला का मारत न्हाईस?"

त्यानं फोन ठेवला. मी तशीच देवापुढं जाऊन बसले आणि पोटभर रडले. दर दसऱ्याला त्याला कडाकण्या लागतात, सकाळीच पीठ मळून ठेवलं होतं. ते अजून परातीत तसंच पडलंय. माझं पोर आहे ते ताई. त्याचा राग येतोय आणि तो जेवला असेल का, हेही मनात येतंय. तुम्हाला हे वाचून संताप येईल, पण खोटं कशाला लिहू?

आमचे हे दुपारी ताटावरनं उठून गोठ्यात गेले, अजून तिथंच आहेत. राहू देत.

आता तुमचं. सोनलला तुमच्याकडं यायचंय. रोज यायचंय. पण लग्नाच्या वेळी तुम्ही तिला म्हणाला होता म्हणे, तुझ्या मनानं करतीयास, उद्या रडत माझ्या दारात येऊ नको. पोरीनं ते काळजात धरून ठेवलंय. म्हणून ती रडायला माझ्या दारात आली. ज्याच्यापायी रडतीय त्याच्याच आईच्या दारात! तिला दुसरं दार नव्हतं, ताई. हे मला रात्रंदिवस टोचतंय, तुम्हालाही टोचू दे.

म्हणून उत्तराची वाट बघत नाही. उद्या ज्ञानूच्या टेंपोत बसून तुम्हीच या. गुडघे ठणठणीत आहेत म्हणालात ना? दिवस मावळायच्या आत या. सोनलनं सांगितलं तशी भांडी वेगळी काढलीत, कांदा-लसूण घराबाहेर ठेवलाय. तुम्ही जेवू नका, पाणी पिऊ नका, मी एका शब्दानं आग्रह करणार नाही. नुसत्या तिच्या शेजारी पायरीवर बसा. आणि 'मी सांगितलं होतं' हे तेवढं शिरोळातच गिळून या. पाया पडते.

पुढं काय करायचं ते सोनल ठरवेल. वेगळं राहीन म्हणाली तर राहू दे. पोलिसात जाईन म्हणाली तर मी तिच्यासोबत जाईन आणि जे बघितलं ते सांगेन. सासू असून पोटच्या पोराविरुद्ध बोलली, असं पेठेत म्हणतील. म्हणू देत की. उद्या आमच्या घरातलं कुणी, किंवा मी स्वतःसुद्धा मायेपोटी शब्द फिरवायला लागले, तर हा कागद माझ्यापुढं धरा. म्हणून शेवटचं नीट अक्षरात लिहिते आणि खाली पूर्ण नाव घालते.

माझा मुलगा राजवीर सयाजी साळोखे याने माझ्या सुनेला, सोनलला, मारहाण केली आहे. तिच्या अंगावरचे वळ मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत.

संयोगिता सयाजी साळोखे
राजवीरची आई