डाव्या बाजूची खुर्ची

प्रिय ठकू,

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही दोघंही धडधाकट आहोत, म्हणजे जेवढे होतो तेवढे. फोनच केला असता, पण आपल्या घरातला फोन म्हणजे चव्हाटा. बाबांना तुझा आवाज ऐकायचा असतो म्हणून स्पीकर लावायचा, आणि दोन खोल्यांत आडोशाला जाऊन बोलायला जागा ती कुठली? आत्ता बाहेर व्यायामवाला त्यांचा डावा खांदा फिरवतोय आणि मी ओट्याशी उभी राहून लिहितेय. त्याचा तास संपायच्या आत जेवढं होईल तेवढं. अक्षर वाकडंतिकडं आलं तर लावून वाच.

तू दर वेळी विचारतेस, आई, गिटार कुठवर आली? तर आली. पण तू आमचा जो व्हिडिओ काढलास त्यात नुसता शेवट दिसतो, म्हणून आधीचं सांगते. अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबा हॉस्पिटलमधून घरी आले तेव्हा गिटारकडे मान वळवून बघायचेसुद्धा नाहीत. मग एका दुपारी एकदम म्हणाले, "दे इकडे." मी मांडीवर ठेवून दिली. डावा हात उशीवर पडलेला, उजव्याने त्यांनी तारा छेडल्या. उजवा अगदी तसाच होता गं, हॉटेलच्या जेवणघरात रोज संध्याकाळी वाजवायचा तसा. पण तारा दाबणारं कुणी नाही. मोकळ्या तारा तशाच वाजत राहिल्या आणि बाबा रडायला लागले. मला ते बघवेना. त्यांच्या डाव्या बाजूला खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, सांगा, बोटं कुठे ठेवायची. चार दिवसांचं खूळ आहे, आपोआप जाईल, असंच मला वाटलं होतं.

लोकांच्या पोरांना शिकवताना मास्तरांच्या जिभेवर साखर असायची. बायकोला शिकवताना ती संपली. "एकेक बोट काय टेकवतेस, फळीवर डबे रचतेस का? तिन्ही एकदम ठेव." बोटं तारेपासून लांब उडवायची नाहीत. कॉर्ड, म्हणजे बोटांची ती जुळणी, बदलायच्या आधी बघायचं, कुठलं बोट जागच्या जागी राहू शकतं. सी नावाच्या कॉर्डवरून ए मायनरला जाताना दोन बोटं हलतच नाहीत, एकच सरकतं. ते मला लवकर जमलं. पण सीवरून जीला जायचं म्हणजे सगळं बिऱ्हाड उचलायचं, आणि तिथे माझी गाडी हमखास अडायची. बाकीचे शिकणारे काय करतात, डावा हात पोचेपर्यंत आपला उजवा थांबवून धरतात. माझा उजवा हात बाबांचा होता, आणि तो कुणासाठी थांबत नाही. एकदा मी वैतागून म्हटलं, तुमच्या तारा फार उंच आहेत. तर म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं," आणि हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा हसले, त्यामुळे मी चिकाटीने बसत राहिले. झाडूच्या दांड्यावर कॉर्ड धरून बघायची, ताराच न वाजवता नुसती बोटं उचलायची आणि ठेवायची. बोटांना आधी फोड आले, मग घट्टे पडले. गंमत म्हणजे उजव्या अंगठ्याला कात्रीचा घट्टा होता ना माझ्या, कपड्यांच्या कारखान्यातल्या कटिंगच्या कामाचा, तो मात्र मऊ पडत गेला.

मग एक दिवस सी, जी, पुन्हा सी असं कुठेही न अडखळता गेलं. नेमकी तू घरी होतीस आणि फोन धरलास. पुढचं तुला ठाऊकच आहे, साऱ्या जगाने बघितलं. दूधवाल्यापासून डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळे थांबवून सांगायला लागले, काय हो तुमची जोडी! मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण कौतुकाने माणूस बांधला जातो हे मला उशिरा कळलं. चहा झाला की बाबा खुर्चीकडे बघतात. जेवण झालं की खुर्चीकडे बघतात. मदतीला बाई ठेवू म्हटलं तर नको, मी भाजीला गेले तर कधी येणार. तूच म्हणालीस, आई, आता काम सोड, मी आहे ना. चांगल्या मनाने म्हणालीस, आणि मीही मान डोलावली. पण ठकू, मला माझं कटिंगचं टेबल फार आठवतं. थरावर थर लावलेलं कापड, खडूच्या रेघा, यंत्राच्या आवाजावर ओरडून बोलणाऱ्या आम्ही सगळ्या. बाबांची गिटार मला आवडते, पण ती त्यांची आहे. मला ती शिकायची कधीच नव्हती.

गेल्या आठवड्यात सुपरवायझरबाईंचा फोन आला. शाळांच्या गणवेशाचं काम अंगावर आलंय, नवी मुलगी बाह्या उलट्या कापते, अर्धा दिवस तरी या म्हणाल्या. मी म्हटलं, विचारून सांगते. कुणाला विचारणार होते देव जाणे. फोन ठेवला आणि बाबा खुर्चीकडे बघत होते.

मी जाऊन बसले. बाबांनी सुरू केलं. सीवरून जीला जायची वेळ आली. आता माझ्या बोटांना ते इतकं येतं की मी दुसरा विचार करत असले तरी ती जातात. मी ती जाऊ दिली नाहीत. हात दुखत नव्हता, विसरले नव्हते, ठरवून जागच्या जागी दाबून धरली. सूर बिघडला. त्यांनी पहिल्यापासून घेतलं, मी पुन्हा तेच केलं. मला वाटलं, आता चिडतील, म्हणतील पुरे आज, आणि मला एक दुपार मोकळी मिळेल. ते चिडले नाहीत. वाजवायचे थांबले आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुझं बरोबर आहे गं. माझा ठेका चुकतोय. हाही चालला." आणि मी त्यांना तसंच समजू दिलं.

तेव्हापासून गिटार कोपऱ्यात आहे. पाण्याचा पेला उचलताना त्यांचा हात थरथरतो, नुसत्या भीतीने. दोनदा सांडला, तर आता पेला मीच धरते. चमचाही मीच. दाढीसुद्धा मी करते. मला एक दुपार सुटायचं होतं आणि मी त्यांचा चांगला हातही माझ्या गळ्यात बांधून घेतला. मी आसपास नाही असं वाटलं की ते गुडघ्यावर बोटांनी ठेका धरून बघतात. मी व्यायामवाल्याला त्यांचा उजवा हात तपासायला लावला. तो म्हणाला, मास्तर, हात ठणठणीत आहे. पण बाबांचा विश्वास बसत नाही, आजारी माणसाला सगळे बरं वाटेल तेच सांगतात म्हणे.

बाहेर आवरतं घेतल्याचा आवाज येतोय, म्हणून आता सरळच लिहिते. सुपरवायझरबाईंना मी आज हो म्हणून कळवलंय, सोमवारपासून सकाळची पाळी. बाबांना त्यांच्या हाताबद्दल खरं सांगायचं तर माझी बोटं का हलली नाहीत तेही सांगावं लागेल, आणि त्यांना ते ऐकवायचा मला एकटीने धीर होत नाही. सांगितल्याशिवाय मात्र मी सोमवारी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही. तू शनिवारी ये. माझी समजूत घालायला येऊ नकोस आणि माझ्या वतीने बोलूही नकोस, बोलेन मीच. तू फक्त घरात हवीस. नेहमी आलीस की चपला काढायच्या आधी बाबांच्या गळ्यात पडतेस. या वेळी एवढंच कर, आधी माझ्याजवळ ये.

कशीही वागले तरी तुझीच,
आई